शेजारचं काय गेलं?

"टीव्ही चालू होत नाहीये."

हे वाक्य एखाद्या टेस्टरने तिकिटात लिहिलं असतं, तर डेव्हलपरने ते पाच मिनिटांत परत पाठवलं असतं. चालू होत नाही म्हणजे नक्की काय होतं? दिवा लागतो का? आवाज येतो का? शेवटचा व्यवस्थित कधी चालला होता आणि त्यानंतर काय बदललं? ऑफिसात आपण हे प्रश्न दिवसातून दहा वेळा विचारतो. घरचा टीव्ही बंद पडला की मात्र भले भले आर्किटेक्टसुद्धा दोनच पर्यायांवर येतात. एकतर वरून थाप मारायची, नाहीतर नवीन घ्यायचा. (हल्लीच्या पातळ टीव्हीला थाप मारायची सोयही राहिली नाही, उताणाच पडायचा.)

माझं म्हणणं साधं आहे. टीव्ही का बंद पडला हे कळल्याशिवाय त्यावर रुपया खर्च करू नये. दुरुस्तीवर नाही आणि नव्यावर तर मुळीच नाही. आणि हा 'का' विचारायची सवय सध्या जिथे शिल्लक आहे ती जागा म्हणजे कस्टमर केअर नव्हे. ती आहे बाजारपेठेतलं कोपऱ्यावरचं, धुळीने भरलेलं, टीव्ही-रेडिओ रिपेअरचं दुकान. तीच दुकानं एकेक करून बंद होतायत. हे मला का बोचतं ते पुढे येईलच.

आधी जरा कामाचं बोलू. तुमच्यापैकी बऱ्याच जणांचे आईवडील गावाला आणि तुम्ही ऐरोली, हिंजवडी नाहीतर बंगळुरूला. म्हणजे ही तक्रार तुमच्याकडे फोनवरूनच येणार. फोनवरूनही बरंच काही कळतं, फक्त प्रश्न नीट विचारावे लागतात. पहिला प्रश्न: टीव्हीच्या खालचा लाल दिवा लागलाय का?

लागला असेल तर बरंच काम झालं. भिंतीतल्या प्लगपासून टीव्हीच्या आतल्या छोट्या स्टँडबाय सप्लायपर्यंत वीज पोचतेय. मग पहिला संशयित रिमोट. मोबाईलचा कॅमेरा चालू करायचा, रिमोटचं तोंड त्याच्याकडे धरायचं आणि बटण दाबायचं. फोनच्या पडद्यावर जांभळट ठिपका लुकलुकला तर रिमोट जिवंत आहे. (मागच्या कॅमेऱ्यात नाही दिसला तर सेल्फीच्या कॅमेऱ्यात बघा. बऱ्याच फोनांत मागच्या कॅमेऱ्यावर इन्फ्रारेड अडवणारा फिल्टर जास्त कडक असतो.) रिमोट मेला असेल तर टीव्हीच्या खालच्या काठाला किंवा पाठीमागे एक बटण असतं. दहा वर्षं टीव्ही बघणाऱ्या कित्येकांना ते बटण आहे हेच माहीत नसतं.

त्यानेही काही झालं नाही तर पिन बाहेर काढायची. रिमोटने बंद करणं वेगळं आणि पिन काढणं वेगळं, हे ज्येष्ठांना दोनदा सांगावं लागतं. पिन बाहेर असताना टीव्हीवरचं बटण अर्धा मिनिट दाबून धरायचं, पाच-दहा मिनिटं जाऊ द्यायची आणि परत लावायचं. आजचा टीव्ही म्हणजे काचेमागे बसवलेला कॉम्प्युटरच, आणि कॉम्प्युटर अडकतो. आपला धंदा ज्या एका मंत्रावर चालतो तो इथेही चालतो. दिवा ठरावीक वेळा लुकलुकून थांबत असेल आणि परत लुकलुकत असेल, तर किती वेळा ते मोजायला सांगा. तो एरर कोड असतो. कोणत्या कंपनीत किती म्हणजे काय हे वेगवेगळं, पण मोजलेला आकडा हाताशी असला की पुढच्या माणसाचं काम सोपं होतं.

आवाज येतोय पण पडदा काळा, ही तक्रारसुद्धा 'चालू होत नाही' म्हणूनच येते. अंधार करायचा, टॉर्च पडद्याला अगदी जवळ तिरकी धरायची आणि निरखून बघायचं. पुसटशी माणसं हलताना दिसली तर चित्र तयार होतंय, फक्त मागचा उजेड गेलाय. पडद्यामागे एलईडीच्या पट्ट्या असतात आणि पट्टीतले दिवे एकापुढे एक जोडलेले असतात, जुन्या दिवाळीच्या माळेसारखे. एक गेला की माळच गेली. ही पट्टी बदलता येते. काम नाजूक आहे, पडदा उचलताना तडकला की संपलं, पण होतं. तरी या अवस्थेतले किती टीव्ही 'पॅनल गेलं' म्हणून भंगारात जात असतील देव जाणे.

आणि लाल दिवाच नसेल तर? त्याच प्लगात मोबाईलचा चार्जर लावून बघा. एक्स्टेंशन बोर्ड असेल तर तो मधून काढा. एवढं करूनही अंधार असेल तर बिघाड आत आहे आणि तिथे तुमचं-माझं काम संपतं. मागचं झाकण उघडू नका. पिन काढल्यावरही आतल्या मोठ्या कपॅसिटरमध्ये तीनशेच्या वर व्होल्ट काही वेळ मुक्काम ठोकून असू शकतात. इंजिनिअरिंगची डिग्री त्याला दिसत नाही.

इथपर्यंतच्या सगळ्या खटाटोपातून *काय* गेलं ते कळतं, *का* गेलं ते कळत नाही. आपल्या भाषेत सांगायचं तर एरर मेसेज मिळाला, रूट कॉज नाही.

तर आता आमच्या घरची केस.

आमचं गाव खालापूर तालुक्यात, चौकहून कर्जतकडे जाणाऱ्या रस्त्याच्या थोडं आत. बाबा निवृत्त. आई गेल्यापासून एकटेच असतात. मी ऐरोलीला, दर दुसऱ्या शनिवारी कर्जत लोकलने येतो. संध्याकाळी सातच्या बातम्यांपासून रात्री दहापर्यंत टीव्ही चालू असतो. ते बघतातच असं नाही, पण घरात बोलणारं दुसरं तेवढंच. त्यामुळे आमच्याकडे टीव्ही बंद पडणं म्हणजे मनोरंजनाचा प्रश्न नाही.

जून २०२५ मध्ये, पहिल्या मोठ्या वाऱ्या-पावसाच्या संध्याकाळी बाबांचा फोन आला. त्यांचं वाक्य जसंच्या तसं देतो: "वारा सुटला, लाईट दोनदा गेली-आली, मग पंखा विमानासारखा फिरायला लागला, टीव्हीतून फट् असा आवाज आला आणि जळका वास सुटला." मंडळी, याला म्हणतात बग रिपोर्ट! क्रम आहे, वेळ आहे, लक्षण आहे, वाससुद्धा आहे. मी पहिलं काम म्हणून त्यांना मेन स्विच बंद करायला लावला. लाल दिवा अर्थातच नव्हता.

टीव्ही बेचाळीस-त्रेचाळीस इंची, वॉरंटी संपलेला. कंपनीकडे तक्रार नोंदवली. चौथ्या दिवशी त्यांचा माणूस आला. स्वभावाने सज्जन, कामाला चटपटीत. झाकण उघडलं, बघितलं, टॅबमध्ये काहीतरी टाकलं आणि निकाल दिला: पॉवर बोर्ड आणि मेन बोर्ड दोन्ही बदलायचे, साडेनऊ हजार, शिवाय पॉवर बोर्ड मिळेल याची खात्री नाही. त्यापेक्षा एक्स्चेंजमध्ये नवीन घ्या. बाबांनी विचारलं, "पण गेला कशाने?" उत्तर आलं, "व्होल्टेज, काका." आणि भेट-फी घेऊन तो पुढच्या कॉलवर गेला.

'व्होल्टेज' हे उत्तर म्हणजे डॉक्टरने 'आजारी आहे' असं निदान करण्यासारखं आहे. त्या माणसाला मी दोष देत नाही. त्याला दिवसाचे कॉल ठरलेले, टॅबवरच्या यादीत बोर्डांची नावं आहेत आणि 'का' असा रकानाच नाही. बाबांनी पंखा जोरात फिरल्याचं त्यालाही सांगितलं होतं. पंख्याची तक्रार त्याच्या कंपनीकडे येत नाही, विषय संपला.

शनिवारी टीव्ही गोधडीत गुंडाळला आणि सहा आसनी रिक्षातून कर्जतच्या बाजारात आणला. दुकान दहा बाय आठचं असेल. काकांचं वय साठीच्या पुढे. मुंबई दूरदर्शन सुरू झालं १९७२ मध्ये, २ ऑक्टोबरला. काकांची सुरुवात त्यानंतर दहा वर्षांनी, १९८२ च्या एशियाडच्या वेळी रंगीत टीव्ही आले तेव्हाची. दुकानात एका बाजूला भिंतीला टेकवलेले एलईडी पॅनल, दुसऱ्या बाजूला कुणीच न्यायला न आलेले दोन पिक्चर ट्यूबवाले डबे. काकांनी गोधडी सोडायच्या आधीच विचारलं:

"शेजारचं काय गेलं?"

मला वाटतं, बंद पडलेल्या टीव्हीबद्दल विचारता येण्यासारखा हा सगळ्यात हुशार प्रश्न आहे. टीव्हीबद्दलचा प्रश्न आहे, पण टीव्हीचा उल्लेखही नाही. आणि तोपर्यंत तो कुणीच विचारला नव्हता. बाबांना फोन लावला, ते आळीत फिरून आले. हिशेब असा निघाला: आमच्यासकट दोन टीव्ही, एका घरातला सेट-टॉप बॉक्सचा अडॅप्टर, दोन मोबाईल चार्जर, एका घरी तीन एलईडी बल्ब, एका घरी फ्रिजचा स्टॅबिलायझर (स्टॅबिलायझर मेला, फ्रिज वाचला). सगळं त्याच संध्याकाळी. आणि एका घरात बरोबर उलटं. त्यांच्याकडे काहीच जळलं नाही, उलट बल्ब मिणमिणले आणि चालू असलेली मोटर घुरघुरून बसली. शेवटची ही बातमी ऐकल्यावर काका म्हणाले, "न्यूट्रल."

आता हे जरा समजावून सांगतो, कारण शहरात फ्लॅटमध्ये वाढलेल्यांना याची सहसा ओळख नसते. गावातल्या डीपीवरून तीन फेज आणि एक न्यूट्रल अशा तारा निघतात. प्रत्येक घराला एक फेज आणि तो सामायिक न्यूट्रल. फेज आणि न्यूट्रलमध्ये २३० व्होल्ट. दोन फेजच्या मध्ये मात्र ४०० व्होल्ट. न्यूट्रल जागेवर आहे तोवर प्रत्येक घर आपापल्या २३० मध्ये सुखी. खांबावरची न्यूट्रलची जोडणी वाऱ्याने सुटली किंवा गंजून सैल झाली, की दोन वेगळ्या फेजवरची घरं नकळत एकापुढे एक जोडली जातात आणि ते ४०० व्होल्ट आपसात वाटून घेतात. ही वाटणी समान नसते. ज्याच्या घरात जास्त लोड त्याला कमी व्होल्ट, ज्याच्या घरात कमी लोड त्याला जास्त.

ढोबळ हिशेब करा. एका घरात हजार वॅटची इस्त्री चालू आहे, दुसऱ्या घरात टीव्ही, पंखा आणि दोन बल्ब मिळून दोनशे वॅट. न्यूट्रल तुटला तर इस्त्रीवाल्याला मिळतात ६७ व्होल्ट आणि दोनशेवाल्याला ३३३. टीव्हीच्या आत हे आधी एसीचं डीसी होतं, म्हणजे १.४१४ ने गुणा: ४७१ व्होल्ट. आणि तिथला मोठा कपॅसिटर बहुधा ४५० व्होल्टचा असतो.

म्हणजे बघा, गावात सगळ्यात जास्त मार कुणाला बसतो? ज्याच्या घरात सगळ्यात कमी वस्तू चालू आहेत त्याला. संध्याकाळी एक पंखा आणि एक टीव्ही लावून एकटाच बसलेल्या म्हाताऱ्या माणसाला. मीटरचं बिल ज्याचं सगळ्यात कमी, त्याच्याकडे व्होल्ट सगळ्यात जास्त. सर्किटच्या थिअरीत हे गणित आम्ही दोन मार्कांना सोडवलं होतं. त्या गणितात कुणाचा बाप बसलेला नव्हता.

मग काकांनी टीव्ही उघडला. पॉवर बोर्डाच्या तोंडाशीच निळ्या बटणासारखा दिसणारा एक भाग असतो, व्हॅरिस्टर. तो फुटून काळा झाला होता. त्याचं काम दारावरच्या रखवालदाराचं. व्होल्टेज मर्यादेबाहेर गेलं की तो स्वतः शॉर्ट होतो आणि फ्यूज उडवतो. फ्यूजची काचही काळी. मोठा कपॅसिटर वरून फुगलेला. काका म्हणाले, "हा मेला म्हणून पुढचे वाचले." तिन्ही भाग बदलले. पण नंतर सरळ प्लगात नाही लावलं. त्यांच्या बाकावर एक जुना पिवळा शंभर वॅटचा बल्ब आहे, तो त्यांनी टीव्हीच्या वाटेत मध्ये जोडला. याला सिरीज बल्ब म्हणतात. आत अजून शॉर्ट असेल तर बल्ब लख्ख पेटतो आणि पुढचं काही जळत नाही. सगळं ठीक असेल तर बल्ब क्षणभर चमकतो, कारण कपॅसिटर भरतोय, आणि मग मंद होतो. आमचा बल्ब चमकला, मंद झाला, खाली लाल दिवा लागला. मेन बोर्ड, जो साडेनऊ हजारात धरला होता, तो धडधाकट होता. एकूण बिल साडेआठशे रुपये, मजुरीसकट.

(अवांतर: आम्ही प्रॉडक्शनमध्ये काही टाकायच्या आधी स्टेजिंग, सँडबॉक्स आणि काय काय उभारतो. काकांचं स्टेजिंग एन्व्हायर्नमेंट होल्डरमध्ये बसतं.)

पण साडेआठशे विरुद्ध साडेनऊ हजार ही या गोष्टीची खरी बाजू नाही. समजा आम्ही नवीन टीव्ही घेतला असता. पंचवीस हजारांचा नवाकोरा टीव्ही त्याच प्लगात, त्याच सैल न्यूट्रलवर. पुढच्या वाऱ्याला तोही गेला असता. आणि टीव्ही तर काहीच नाही. न्यूट्रल तुटल्यावर, वायरिंग जुनं आणि अर्थिंग कच्चं असेल तर ज्या वस्तूच्या अंगाला हात लावायची सवय आहे, त्या वस्तूच्या पत्र्यावरही करंट येऊ शकतो. आळीतल्या सात-आठ घरांनी आपापली जळकी वस्तू आपापल्या पिशवीत घालून वेगवेगळ्या दिशांना नेली होती. कुणी चौकला, कुणी खोपोलीला, कुणी कंपनीकडे, कुणी उकिरड्यावर. आठ तिकिटं, आठ वेगळे असायनी, आणि एकच आउटेज. कुणालाच ते जोडून बघता आलं नाही, कारण जोडून बघणारी जागा एकच असते: ज्याच्या बाकावर एका गावच्या दोन वस्तू एकाच आठवड्यात येतात तो.

माझ्या लेखी म्हणूनच रिपेअरचं दुकान ही नुसती स्वस्तात काम करून देणारी सोय नाही. ते त्या परिसराच्या वायरींचं मॉनिटरिंग आहे. कोणत्या वाडीचा न्यूट्रल सैल आहे, कोणत्या डीपीवर रात्री व्होल्टेज चढतं, कुठे वीज पडली की छत्रीच्या वायरमधून आत शिरते, हे काकांना वस्तू बघून कळतं. ते प्रत्येक वस्तूला दोऱ्याने चिठ्ठी बांधतात: गाव, तारीख, काय जळलं. लॉग फाईल म्हणजे अजून काय असतं?

त्या चिठ्ठीच्या जोरावरच पुढचं काम झालं. आळीतल्या सगळ्यांच्या सह्या घेऊन, तारीख-वेळ आणि जळालेल्या वस्तूंची यादी जोडून, 'न्यूट्रल सुटला असावा' असं स्पष्ट लिहून अर्ज दिला. 'आमच्याकडे लाईटचा प्रॉब्लेम आहे' या वाक्यावर कुणी हलत नाही. 'अमुक खांब, न्यूट्रलची जोडणी' असं लिहिलं की वायरमन निदान शिडी कुठे लावायची ते जाणून येतो. आला, वर चढला, खाली येऊन म्हणाला, "नुसता पीळ होता हो, तोही काळा पडलेला." नीट क्लॅम्प लावून गेला.

हे सगळं ज्या तालुक्यात घडतं त्याचीही एक गंमत आहे. लोणावळा, वळवण, शिरवते इथल्या तलावांचं पाणी घाटाखाली आणून टाटांनी खोपोलीला वीज करायला सुरुवात केली १९१५ मध्ये. शेजारच्या कर्जत तालुक्यात भिवपुरीचं केंद्र आलं १९२२ मध्ये. ही वीज गेली मुंबईला, गिरण्या चालवायला. मनोऱ्यांवरच्या तारा आमच्या शेतांवरून गेल्या. आमच्या गावात पहिला बल्ब लागला तेव्हा बाबा शाळेत होते. विजेचं माहेर इथे, आणि शंभर वर्षांनंतर शेवटच्या खांबावर तार पीळ देऊन बांधलेली! असो. याच्यावर कधीतरी वेगळं लिहीन.

आता दुसरी बाजू. 'पण नवीन टीव्ही किती स्वस्त झालेत, दुरुस्तीत कोण वेळ घालवणार?' हा प्रश्न ऑफिसात लगेच आला. मुद्दा खोटा नाही. काचेचं पॅनलच फुटलं असेल तर दुरुस्तीला अर्थ नाही, नवीन घ्या, माझा आक्षेप नाही. आणि सगळेच दुरुस्तीवाले काकांसारखे नसतात. फुटलेला व्हॅरिस्टर काढून टाकायचा, नवीन लावायचाच नाही, आणि फ्यूजच्या जागी तांब्याची तार गुंडाळून द्यायची, असे महाभागही आहेत. टीव्ही चालतो. पुढच्या वेळी तो टीव्ही नुसता मरत नाही, पेटू शकतो. दुरुस्तीवाल्याला 'काय बदललंत ते काढून दाखवा' असं सांगायला लाजू नका. चांगला माणूस जळका भाग आपणहून हातावर ठेवतो.

सरकारी पातळीवरही याचं थोडं वारं सुरू आहे. 'राईट टू रिपेअर'साठी केंद्राच्या ग्राहक व्यवहार खात्याने जुलै २०२२ मध्ये समिती नेमली, त्याच वर्षी डिसेंबरात त्याचं पोर्टल आलं. वस्तू किती दुरुस्त होण्याजोगी आहे याचे गुण देणारा निर्देशांक कसा असावा, यासाठी सप्टेंबर २०२४ मध्ये आणखी एक समिती नेमली गेली आणि मे २०२५ मध्ये तिचा अहवाल आला. त्यात सुरुवात मोबाईल आणि टॅब्लेटपासून. फ्रान्सने असा निर्देशांक जानेवारी २०२१ पासूनच लागू केला, आणि त्यांच्या पहिल्या यादीत टीव्ही होता. हे सगळं हवंच आहे. पार्ट मिळायला हवेत, सर्किटचे नकाशे मिळायला हवेत, कर्जतच्या दुकानदारालाही, नुसत्या अधिकृत केंद्राला नव्हे. पण निर्देशांक फार तर सांगेल की बोर्ड मिळतो का आणि किती स्क्रू काढावे लागतात. खांबावर काय झालं होतं हे विचारणारा माणूस त्या गुणांत कुठेच बसत नाही.

जाता जाता, कर्जत-नेरळला सेकंड होम घेतलेल्या मित्रमंडळींसाठी. तुमच्या फार्महाऊसचा टीव्ही दर पावसाळ्यात का जातो याची कारणं फार गूढ नाहीत. आपल्याकडे कडकडाट जास्त असतो तो मे-जूनच्या तोंडावर आणि परतीच्या पावसात, भर जुलैच्या संततधारेत तुलनेने कमी. घर बंद करून निघताना पिन काढता, पण छत्रीची वायर तशीच राहते, आणि वीज तिच्यातूनही आत येते. तीही काढा. स्पाईक गार्डवर विसंबू नका. त्याच्या आतही तसाच एक व्हॅरिस्टर असतो, क्षणभराच्या झटक्यासाठी. न्यूट्रल जाऊन तासभर ३३३ व्होल्ट येत राहिले तर तो पहिल्या मिनिटांतच जातो, आणि गेलाय हे बहुधा सांगतही नाही. त्यापेक्षा मेन बोर्डात, मीटरनंतर लगेच, ओव्हर-व्होल्टेजला घर तोडणारा रिले बसवून घ्या. व्होल्टेज चढलं की सगळ्या घराची वीज कापतो, ठिकाणावर आलं की थोडं थांबून परत जोडतो. आम्ही जुलैत बसवला. आणि चार महिने बंद असलेल्या घरातला टीव्ही आल्या आल्या लावू नका. दमट हवेत बोर्डावर ओल धरलेली असते, मुंग्यांनी घर केलेलं असतं. काकांच्या बाकावर एकदा दोन टाक्यांच्या मध्ये चिकटून मेलेली पालही मी पाहिली आहे.

एक घरगुती चाचणीही काकांनी सांगितली, पिवळ्या बल्बची. शेजाऱ्याने मिक्सर किंवा मोटर लावली की आपला बल्ब किंचित मंद झाला तर ठीक, ते होतंच. उलट उजळला, तर न्यूट्रल सैल आहे. एलईडी बल्ब हे दाखवत नाही, त्याच्या आतलं सर्किट व्होल्टेज सांभाळून घेतं. पंखा दाखवतो, कान दिला तर.

परवाच्या शनिवारी असाच दुकानात डोकावलो. बाकावर सेट-टॉप बॉक्सचे तीन अडॅप्टर होते, तिन्ही चिठ्ठ्यांवर कशेळेकडच्या एकाच वाडीचं नाव, तारीख एकच. समोर एक बाई आपला मिक्सर घेऊन उभ्या होत्या, त्याच वाडीच्या. काका त्यांना विचारत होते, "बाई, संध्याकाळी कुणी मोटर लावली की तुमचा पंखा जोरात फिरतो का हो?"